एलएमआयएवर कॅनडाला जायचंय? पुण्यातून तयारी करणाऱ्यांसाठी पहिल्यापासून सगळं

कोथरूड असो, पिंपरी असो नाहीतर हडपसर, कॅनडाच्या नोकरीचा विषय निघाला की हल्ली कुणीतरी विचारतंच, "एक एजंट एलएमआयए काढून देतोय, पंधरा लाख म्हणतोय, अर्धे आत्ता अर्धे व्हिसा आल्यावर, देऊ का?" उत्तर आधीच सांगते, बाकीचं सविस्तर नंतर. देऊ नका. एलएमआयए म्हणजे बाहेरचा माणूस घ्यायला कॅनडातल्या मालकाला लागणारी तिथल्या सरकारची मंजुरी, तिची फी मालकाने स्वतःच्या खिशातून भरायची असते, ती कामगाराकडून वसूल करायला तिथल्या नियमात सरळ बंदी आहे, मालकाने नेमलेल्या एजंटलासुद्धा. घर गहाण टाकून, बायकोचे दागिने मोडून पैसे भरलेली माणसं मी बघितलीयेत म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतेय, जरा मोठं झालंय पण पूर्ण वाचा.

हे नेमकं असतं काय

एलएमआयए म्हणजे लेबर मार्केट इम्पॅक्ट असेसमेंट. कॅनडातल्या मालकाला बाहेरच्या देशातला माणूस तात्पुरता कामावर घ्यायचा असेल तर त्याला आधी तिथल्या सरकारला पटवून द्यावं लागतं की बाबा मी इथे माणूस शोधला, मिळाला नाही, आणि बाहेरचा आणला तर इथल्या लोकांच्या नोकरीला किंवा पगाराला धक्का लागणार नाही. सरकारला पटलं की पॉझिटिव्ह एलएमआयए मिळते. २०१४ च्या आधी याला लेबर मार्केट ओपिनियन म्हणायचे, जुनी माणसं अजून एलएमओ म्हणतात ते हेच.

आता यात दोन वेगळी खाती आहेत आणि सगळा घोळ इथेच होतो. एलएमआयए देतं ते ईएसडीसी, म्हणजे रोजगाराचं खातं, त्यांच्या सर्व्हिस कॅनडाच्या ऑफिसातून. तुमचं वर्क परमिट देतं ते आयआरसीसी, म्हणजे इमिग्रेशनवाले. पहिल्या खात्यात अर्ज मालक करतो, दुसऱ्या खात्यात तुम्ही करता. पहिल्याने हो म्हटलं म्हणून दुसरा हो म्हणेलच असं नाही, तुमचा अनुभव त्या कामाला पुरतो का, मुदत संपल्यावर तुम्ही परत याल का, नोकरी खरी आहे का हे सगळं व्हिसा ऑफिसर नव्याने बघतो. त्यामुळे "एलएमआयए आली म्हणजे व्हिसा झालाच" असं कुणी म्हणालं की तिथेच सावध व्हा.

पहिली पायरी: तुमच्या केसला एलएमआयए लागते का ते बघा

हिंजवडी, खराडीतल्या आयटीवाल्यांनी हे आधी बघावं, कारण बऱ्याच जणांना एलएमआयएची गरजच नसते. कॅनडात बाहेरचे कामगार दोन दारांनी येतात, एक टेम्पररी फॉरेन वर्कर प्रोग्रॅम, ज्याला एलएमआयए लागते, आणि दुसरा इंटरनॅशनल मोबिलिटी प्रोग्रॅम, ज्याला लागत नाही. तुमच्या कंपनीचं कॅनडात ऑफिस असेल आणि ती तुम्हाला तिकडे बदलीवर पाठवत असेल तर ते दुसऱ्या दारात बसू शकतं, त्यासाठी मागच्या ३ वर्षांत किमान १ वर्ष सलग फुल टाइम तुम्ही त्याच कंपनीत असायला पाहिजे आणि काम मोठ्या मॅनेजरचं किंवा खास ज्ञान लागणारं पाहिजे, हे खास ज्ञान प्रकरण हल्ली फार बारकाईने तपासतात. यात मालक आयआरसीसीच्या पोर्टलवर ऑफर टाकतो, २३० डॉलर कम्प्लायन्स फी भरतो आणि तुम्हाला ऑफरचा नंबर देतो. कंपनीच्या एचआरला सरळ विचारा, "आपली केस एलएमआयएची आहे की एक्झेम्प्ट, म्हणजे सूट असलेली, आहे?" एवढ्या एका प्रश्नाने अर्धी धावपळ वाचते.

कंपनी नवीन असेल, बदली नसेल, पण काम सॉफ्टवेअर इंजिनिअर वगैरे असेल तर ग्लोबल टॅलेंट स्ट्रीम बघा. ही एलएमआयएच आहे पण जलद, सर्व्हिस कॅनडाचं टार्गेट १० कामकाजाच्या दिवसांचं असतं, जाहिरातीची अट नसते, त्याऐवजी मालकाला लेबर मार्केट बेनिफिट्स प्लॅन द्यावा लागतो म्हणजे कॅनडातल्या लोकांसाठी तो काय करणार, किती जणांना ट्रेनिंग देणार हे लिहून द्यायचं. फी बाकीच्या एलएमआयएइतकीच, १००० डॉलर.

दुसरी पायरी: पगारावरून तुमचा स्ट्रीम ओळखा

बाकी सगळ्यांसाठी, म्हणजे चाकण भोसरीचे वेल्डर, मशिनिस्ट, हॉटेलातले कुक, ट्रक ड्रायव्हर, हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि एजंट नेमका हाच सांगत नाही.

दोन स्ट्रीम म्हणजे अर्जाचे प्रकार आहेत, हाय-वेज (जास्त पगार) आणि लो-वेज (कमी पगार), आणि ते ताशी पगारावर ठरतात. प्रत्येक प्रांताचा आकडा वेगळा. ८ नोव्हेंबर २०२४ पासून त्या प्रांताच्या मधल्या पगाराच्या २० टक्के वर अशी रेघ मारलीये, तेव्हा ऑन्टारियोत ती ताशी ३४.०७ डॉलर होती आणि नंतर अजून वर गेली, चालू आकडा सरकारी साईटवर असतो. तुमची ऑफर रेघेच्या खाली तर लो-वेज, रेघेवर किंवा वर तर हाय-वेज. कामाचं नाव कितीही भारी असू दे, सुपरवायझर म्हणा नाहीतर मॅनेजर म्हणा, स्ट्रीम पगार ठरवतो.

लो-वेजवर २६ सप्टेंबर २०२४ पासून बरीच बंधनं आलीत. ज्या मोठ्या शहरी भागात बेरोजगारी ६ टक्के किंवा जास्त आहे तिथले लो-वेज अर्ज सर्व्हिस कॅनडा प्रोसेसच करत नाही, शेती, अन्नप्रक्रिया, बांधकाम, आरोग्य अशा काही क्षेत्रांना सूट आहे. शहरांची यादी दर ३ महिन्यांनी बदलते. शिवाय एका ठिकाणच्या एकूण कामगारांत लो-वेजवाले बाहेरचे १० टक्क्यांच्या वर ठेवता येत नाहीत, काही ठराविक क्षेत्रांत २० टक्के. आणि नोकरीची मुदत जास्तीत जास्त १ वर्ष, आधी २ होती.

आता याचा उपयोग बघा. समजा एजंट म्हणाला ब्रॅम्प्टनला रेस्टॉरंटमध्ये फूड काउंटरचं काम आहे, ताशी १८ डॉलर, एलएमआयए मी काढून देतो. ताशी १८ म्हणजे लो-वेज. ब्रॅम्प्टन हे टोरोंटोच्या महानगर भागात मोडतं, आणि टोरोंटो पहिल्याच यादीत होतं. रेस्टॉरंट सूट मिळालेल्या क्षेत्रात नाही. म्हणजे तुम्ही फक्त चालू यादीत टोरोंटो आहे का एवढं उघडून बघायचं, असेल तर तो अर्ज नाकारला जाणं लांबच, प्रोसेसलाच घेत नाहीत, मग हा माणूस काढून देणार कुठून? घरबसल्या दहा मिनिटांत कळणारी गोष्ट आहे ही.

अजून एक, फळं तोडायचा सीझनल व्हिसा म्हणून जे विकलं जातं, तो सीझनल ॲग्रिकल्चरल वर्कर प्रोग्रॅम फक्त मेक्सिको आणि कॅरिबियन देशांसाठी आहे, भारतीयांना नाहीच. शेतीचा वेगळा स्ट्रीम आहे तो सगळ्या देशांना खुला आहे पण त्यालाही खरा शेतमालक आणि खरी एलएमआयए लागते.

तिसरी पायरी: मालकाला काय काय करावं लागतं ते माहीत करून घ्या

तुम्ही म्हणाल मालकाचं काम आहे मला कशाला. कारण मालकाने हे केलंय की नाही यावरून नोकरी खरी की खोटी ते कळतं.

त्याला नोकरीची जाहिरात द्यावी लागते, सरकारच्या जॉब बँक साईटवर आणि शिवाय अजून दोन ठिकाणी, किमान ४ आठवडे, आणि ती अर्जाच्या आधीच्या ३ महिन्यांत झालेली पाहिजे. किती अर्ज आले, कॅनडातल्या किती जणांना का घेतलं नाही हे लिहून द्यावं लागतं. पगार त्या भागात त्या कामाला चालू असलेल्या रेटपेक्षा कमी चालत नाही. हाय-वेज असेल तर ट्रान्झिशन प्लॅन, म्हणजे पुढे बाहेरच्या माणसांवरचं अवलंबून राहणं कसं कमी करणार. लो-वेज असेल तर तुमचं येण्याजाण्याचं तिकीट मालकाने द्यायचं, परवडेल अशा राहण्याची सोय बघायची, प्रांताचा आरोग्य विमा सुरू होईपर्यंत खासगी विमा त्याने काढायचा. हे वाक्य परत वाचा, लो-वेजमध्ये विमानाचं तिकीट मालकाचं. मग तुमच्याकडून तिकिटाचे वेगळे दीड लाख मागणारा कोण?

धंदा खरा आणि चालू आहे याचे पुरावे द्यावे लागतात. आधी सीए किंवा वकिलाच्या पत्रावर भागायचं, २८ ऑक्टोबर २०२४ पासून ते बंद केलं कारण त्याचाच गैरवापर होत होता. ऑफिसर फोन करून मालकाला प्रश्न विचारतो, कागद मागतो. आणि फी एका जागेला १००० डॉलर, म्हणजे साठ हजारांच्या वर, एलएमआयए नाकारली तरी परत मिळत नाही. काही शेतीच्या कामांना आणि घरी आजारी माणसाची देखभाल लागणाऱ्या कुटुंबांना ही फी माफ आहे, तो अपवाद सोडा.

सप्टेंबर २०२२ पासून नियम अजून घट्ट झालेत, मालकाने किंवा त्याच्या वतीने भरती करणाऱ्याने कामगाराकडून रिक्रूटमेंट फी घ्यायची नाही, आणि लेखी करार इंग्लिश किंवा फ्रेंचमध्ये तुमच्या हातात द्यायचा. मोडलं तर एका चुकीला १ लाख डॉलरपर्यंत दंड, वर्षाला १० लाखांपर्यंत, प्रोग्रॅममधून बंदी, आणि नाव साईटवर सगळ्यांना दिसेल असं. ही दंड झालेल्या मालकांची यादी आयआरसीसीच्या साईटवर फुकट बघता येते, तुमच्या मालकाचं नाव त्यात टाकून बघाच.

चौथी पायरी: हातात आलेलं पत्र तपासा

भोसरीत काम करणाऱ्या एका वेल्डरने मला व्हॉट्सॲपवर एलएमआयएचं पत्र पाठवलं होतं, वर कॅनडाचं चिन्ह, खाली सही शिक्का, बघताना एकदम खरं वाटावं असं. आम्ही दोघांनी बसून ओळ न् ओळ वाचलं. पत्राची तारीख २०२५ ची आणि खाली लिहिलेलं की हे १ वर्ष चालेल. पण १ मे २०२४ पासून एलएमआयए ६ महिनेच चालते, तेवढ्यात वर्क परमिटचा अर्ज टाकायचा असतो. मग पगार बघितला तर ताशी १९ डॉलर, आणि नोकरीची मुदत ३ वर्षं. ताशी १९ म्हणजे लो-वेज, आणि वेल्डिंगच्या कारखान्याला लो-वेजमध्ये १ वर्षाच्या वर मिळतच नाही. मालकाचा ईमेल जीमेलचा. पत्त्यावर गुगल स्ट्रीट व्ह्यू टाकला तर राहती घरं, एक शेड नाही की गेट नाही. त्या पोराचा पहिला हप्ता भरायचा राहिला होता, वाचला.

तुम्हीही हेच करा. मालकाचं नाव आणि पत्ता, कामाचं नाव, पगार, कामाची जागा, मुदत, पत्राची तारीख आणि ते संपायची तारीख, हे सगळं तुमच्या ऑफर लेटरशी आणि कराराशी जुळलं पाहिजे, एक डॉलरचा फरकसुद्धा विचारून घ्या. मग मालकाला बाहेरून तपासा, केंद्र सरकारकडे नोंदलेल्या कंपन्या कॉर्पोरेशन्स कॅनडाच्या सर्चमध्ये फुकट सापडतात, काही कंपन्या प्रांताच्या नोंदणीत असतात तिथे बघा. पॉझिटिव्ह एलएमआयए मिळालेल्या मालकांची यादी ईएसडीसी सरकारच्या ओपन डेटा पोर्टलवर तिमाहीने टाकतं, पत्र ताजं असेल तर नाव अजून आलेलं नसेल पण आधी कधी माणसं आणली असतील तर दिसेल. कंपनीच्या वेबसाईटवरच्या नंबरला फोन करा, एजंटने दिलेल्या नंबरला नाही, आणि सरळ विचारा की या नावाने तुम्ही ऑफर दिलीये का. फोनवर इंग्लिश बोलायला लाज वाटत असेल तर ओळखीतल्या कुणाला तरी बसवा पण फोन कराच.

पाचवी पायरी: एजंट, कन्सल्टंट आणि पैसे

सगळे एजंट चोर असतात असं मी म्हणत नाहीये, वर्क परमिटचा अर्ज भरायला मदत घेतली तर त्याची फी देणं यात काहीच गैर नाही. फरक एवढाच बघायचा की पैसे कशाचे. अर्ज भरून देण्याचे, ठीक. नोकरीचे किंवा एलएमआयएचे, अजिबात नाही.

कॅनडाच्या इमिग्रेशनचा सल्ला पैसे घेऊन द्यायचा हक्क तिथल्या वकिलांना, क्युबेकच्या नोटरींना आणि लायसन्सवाल्या कन्सल्टंटना आहे. कन्सल्टंटचं लायसन्स कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स देतं, त्यांच्या साईटवर नाव टाकून सर्च करता येतो, नाव तिथे नसेल तर भिंतीवर कितीही सर्टिफिकेटं लावलेली असू देत, उपयोग नाही. आणि भारतातून परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्याला १९८३ च्या एमिग्रेशन (देशाबाहेर जाण्याच्या) कायद्याखाली आपल्या परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते, ती यादी ई-मायग्रेट पोर्टलवर आहे. नोंदणीकृत असला तरी सर्व्हिस चार्जला ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढी मर्यादा आहे. पावती मागा, बँकेतूनच द्या, रोख मागतोय म्हणजे उठून या.

एक जाळं अजून चालू आहे, "आधी व्हिजिटर व्हिसावर जा, तिथे एलएमआयए काढू आणि आतूनच परमिट करू." व्हिजिटरने कॅनडातच बसून वर्क परमिटला अर्ज करायची कोविडच्या काळातली सवलत २८ ऑगस्ट २०२४ ला बंद झाली. आणि "एलएमआयएने पीआरचे पॉइंट वाढतात" (पीआर म्हणजे तिथे कायमचं राहायची परवानगी) हेही जुनं झालं, २५ मार्च २०२५ पासून एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे पीआरच्या पॉइंटवाल्या पद्धतीत, जॉब ऑफरचे पॉइंट काढून टाकलेत. नुसत्या पॉइंटसाठी कुणी एलएमआयए विकत असेल तर तो शिळा माल तुमच्या गळ्यात मारतोय.

खोटा कागद आपल्याकडून लागला तर "मला माहीत नव्हतं, एजंटने केलं" हे सहसा चालत नाही, खोटी माहिती दिली म्हणून ५ वर्षं कॅनडाला अर्ज करता येत नाही. अर्जात काय भरलंय ते सबमिट व्हायच्या आधी स्वतः वाचा, पोर्टलचा पासवर्ड स्वतःकडे पाहिजे.

सहावी पायरी: तुमचा स्वतःचा अर्ज

हे त्यामानाने सरळ आहे. एलएमआयएचं पत्र आणि नंबर, ऑफर लेटर, सही झालेला करार, पासपोर्ट, अनुभवाची पत्रं, शिक्षणाचे कागद. अनुभवाच्या पत्रावर मात्र वेळ घाला, "अमुक वर्षं काम केलं, वागणूक चांगली" एवढं चालत नाही, कोणती मशिन, कोणतं वेल्डिंग, आठवड्याला किती तास, पगार किती हे लेटरहेडवर पाहिजे आणि ते एलएमआयएतल्या कामाशी जुळलं पाहिजे. चाकणच्या छोट्या वर्कशॉपमध्ये रोखीने पगार घेतलेल्यांची इथेच पंचाईत होते, म्हणून आत्तापासून बँकेत पगार घ्यायला लागा, पीएफ असेल तर त्याचं स्टेटमेंट काढून ठेवा.

वर्क परमिटची फी १५५ डॉलर, बायोमेट्रिक ८५. बायोमेट्रिक पुण्यातच व्हीएफएसच्या (व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या) सेंटरला देता येतं, मुंबईला जायची गरज नाही. मेडिकल आयआरसीसीच्या यादीतल्या डॉक्टरकडेच, आपल्या फॅमिली डॉक्टरचं चालत नाही. पोलीस क्लिअरन्स मागितलं तर पासपोर्ट सेवाच्या साईटवरून अपॉइंटमेंट घेऊन होतं, पत्ता बदललेला असेल तर पोलीस व्हेरिफिकेशनला वेळ जातो म्हणून आधीच लागा. नोकरी क्युबेकला असेल तर त्या प्रांताचं सीएक्यू नावाचं वेगळं सर्टिफिकेटही लागतं.

बायकोला किंवा नवऱ्याला ओपन वर्क परमिट, म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करता येईल असं परमिट, मिळेल का हे सगळे विचारतात. २१ जानेवारी २०२५ पासून ते फक्त वरच्या दर्जाच्या आणि काही निवडक कामांपुरतं ठेवलंय आणि तुमच्या परमिटचे किमान १६ महिने शिल्लक लागतात. म्हणजे १ वर्षाच्या लो-वेजवाल्यांना ते बसत नाही, घरी आधीच स्पष्ट बोलून घ्या, पोरांच्या शाळेचं वगैरे ठरवायच्या आत.

तिथे उतरल्यावर

परमिटवर मालकाचं नाव छापलेलं असतं, त्याच्याकडेच काम करायचं, दुसरीकडे जायचं तर नवीन मालकाची नवीन एलएमआयए आणि नवीन परमिट. एअरपोर्टवर परमिट हातात आलं की तिथेच उभं राहून नाव, मालक, तारीख वाचा, चूक असेल तर तेव्हाच सांगितलेली बरी. मग सोशल इन्शुरन्स नंबर, म्हणजे तिथे काम करायला लागणारा सरकारी नंबर, काढा, तात्पुरत्या कामगारांचा ९ ने सुरू होतो आणि तो फुकट मिळतो, त्याचेही पैसे घेणारे आहेत.

पासपोर्ट कुणाकडे ठेवायला देऊ नका, मालकाकडेही. पगाराची प्रत्येक स्लिप, कामाचे तास, मेसेज यांचे फोटो काढून घरी पुण्यालाही पाठवत जा. कारण मालकाने पगार कापला, एलएमआयएचे पैसे परत मागितले, धमकी दिली, मारहाण केली तर २०१९ पासून अशा कामगारांसाठी वेगळं ओपन वर्क परमिट आहे, त्याची फी लागत नाही आणि ते मिळालं की मालक सोडून दुसरीकडे काम करता येतं. अर्जात काय घडलं ते लिहायचं आणि पुरावे जोडायचे, ते पुरावे म्हणजे हेच फोटो.